अदृश्य व्हायचं तर डोळ्यांचं काय करायचं?

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. जिवंत उंदराच्या पोटावरचे केस काढले, कातडीवर पिवळ्या रंगाचं द्रावण चोळलं आणि काही मिनिटांत आतली आतडी हलताना बाहेरून दिसायला लागली. कातडी धुतली की सगळं पूर्ववत. हा रंग म्हणजे टार्ट्राझिन. आपल्याकडे मिठाईत, सरबतात, मुलांच्या गोळ्यांत ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी असलेला खाण्याचा पिवळा रंग.

पुढच्या जुलैत मार्व्हलचा ‘फँटास्टिक फोर’वरचा नवा सिनेमा आला आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दहावीच्या वर्गाने दोन्ही गोष्टी लगेच एकत्र केल्या. “सर, तो रंग अंगभर लावला तर सू स्टॉर्म होता येईल?”

एका शब्दात उत्तर द्यायचं तर ‘नाही’. पण एका शब्दात द्यायला हा प्रश्न फार चांगला आहे.

ही सू स्टॉर्म कोण?

ज्यांच्या घरात शाळकरी मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने रचलेल्या ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकचा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ या तारखेने आला. चौघे जण यानातून अंतराळात जातात, वैश्विक किरणांच्या माऱ्यात सापडतात आणि परत येतात ते शक्ती घेऊन. त्यातली एकटी बाई म्हणजे सू स्टॉर्म. तिला अदृश्य होता येतं. सुरुवातीला तिची शक्ती एवढीच होती. मारामारी सुरू झाली की तिने गायब व्हायचं, बाकीचं तिघे पुरुष बघून घेतील, असा तो जमाना. १९६४ मध्ये, बाविसाव्या अंकात, लेखकांनी तिला आणखी दोन गोष्टी दिल्या: दुसऱ्यांना अदृश्य करणं आणि न दिसणारी ढाल उभी करणं. या ढालीला ‘फोर्स फील्ड’ म्हणतात, आपण बलक्षेत्र म्हणू. ती ‘इनव्हिजिबल गर्ल’ची ‘इनव्हिजिबल वुमन’ व्हायला मात्र १९८५ उजाडलं.

वैश्विक किरणांचं आधी उरकून घेऊ. हे किरण खरे आहेत. अंतराळातून येणारे अतिवेगवान कण हवेवर आदळतात, त्यातून तयार झालेले म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात आणि दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक या हिशोबाने आरपार जातात. हे वाचत असताना तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास जात आहेत. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांना अंधारात डोळे मिटल्यावरही मधूनच प्रकाशाचे चमकारे दिसत, ते याच किरणांमुळे. पण त्यांच्याकडून पेशींचं नुकसान होऊ शकतं, शक्ती मिळत नाही. तेवढं एक खोटं लेखकांना माफ करू आणि शक्ती मिळालीच आहे असं धरून पुढे जाऊ.

वडापावचा कागद

वस्तू दिसते कारण ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशाशी काहीतरी छेडछाड करते. थोडा गिळते, थोडा परतवते, थोडा वाकवते, थोडा चहूकडे विखुरते. काहीच केलं नाही तर तिच्या मागचं दृश्य जसंच्या तसं आपल्यापर्यंत येतं आणि ती ‘नसते’.

आता दहावीचा शब्द, एकदाच नीट समजून घेऊ: अपवर्तनांक. पदार्थात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा. हवेचा जवळपास १, पाण्याचा १.३३, खाण्याच्या तेलाचा १.४७ च्या आसपास, साध्या काचेचा १.५. मुलं हे आकडे पाठ करतात आणि खरी गंमत तिथेच हुकते. प्रकाशाला आकड्याशी देणंघेणं नसतं, आकडा *बदलतो* त्या सीमेशी असतं. दोन शेजारच्या पदार्थांचा आकडा एकच असला तर त्यांच्यामधली सीमा प्रकाशाच्या लेखी अस्तित्वातच नाही.

वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळायचा (आता देऊ नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे) तेव्हाची गोष्ट आठवा. तेल लागलं तेवढ्या जागी कागद अर्धपारदर्शक व्हायचा आणि मागच्या बाजूची बातमी उलटी वाचता यायची. तेलाने कागद पातळ केला नाही की त्यातलं काही काढून नेलं नाही. कागद म्हणजे लगद्याच्या धाग्यांचं जाळं आणि मधे हवा. धाग्याचा आकडा दीडच्या आसपास, हवेचा एक. प्रकाश एका धाग्यातून हवेत, हवेतून दुसऱ्या धाग्यात, असा हजार सीमांवर ठेचकाळत जातो आणि भरकटतो. भरकटलेला प्रकाश म्हणजेच कागदाचा पांढरा रंग. तेल हवेच्या जागी बसतं, त्याचा आकडा धाग्याच्या जवळचा असतो, त्यामुळे सीमा पुसल्या जातात आणि प्रकाश बराचसा सरळ निघून जातो.

प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेची दांडी गोडेतेलात बुडवली तर ती जवळजवळ दिसेनाशी होते, तेही याच कारणाने. वर्गात हा प्रयोग केला की पाच मिनिटं तरी कुणी मोबाइलकडे बघत नाही.

कातडी त्या कोरड्या कागदासारखी वागते. तिच्यात पाणी आहे, १.३३ वालं, आणि त्यात चरबी आणि प्रथिनं आहेत, १.४ च्या वरची. पावलोपावली सीमा. स्टॅनफर्डवाल्यांनी कातडीतल्या *पाण्याचा* आकडा वाढवून चरबीच्या जवळ नेला. त्यासाठी त्यांनी रंगद्रव्य का निवडलं, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. रंगाने काही पारदर्शक होतं का कधी? पण जो पदार्थ निळा प्रकाश जोरात गिळतो, तो लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक चढवतो. या दोन गोष्टी निसर्गात जोडीनेच येतात. म्हणून उंदराचं पोट लालसर प्रकाशात आरपार दिसलं, निळ्यात नाही. ‘मिस्टर इंडिया’मध्ये अदृश्य अनिल कपूर लाल प्रकाशात पकडला जायचा. इथे बरोबर उलटं: या पद्धतीने अदृश्य झालेला माणूस लाल प्रकाशात सुटेल आणि निळ्यात सापडेल.

आणि हो, घरी करून बघू नका. हा प्रयोग उंदरांवर झाला आहे, वापरलेलं द्रावण खाण्यातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट दाट होतं आणि माणसाची कातडी उंदराच्या सुमारे दहापट जाड असते. पिवळे व्हाल, बाकी काही नाही.

पारदर्शक मांस असतं का?

असतं, तुमच्याकडेही आहे. डोळ्यावरचं पारपटल आणि त्याच्या मागचं भिंग हे दोन्ही जिवंत माणसाचे भाग आहेत आणि दोन्ही पारदर्शक आहेत. शरीराने हे कसं साधलं ते पाहिलं की सूला काय किंमत मोजावी लागेल त्याचा अंदाज येतो.

पारपटलात रक्तवाहिन्याच नाहीत. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. त्यातले तंतू सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर रचलेले, म्हणून त्यांनी इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश एकमेकांना रद्द करतो. भिंगाच्या पेशींनी तर हद्दच केली आहे. त्या वाढीच्या ओघात आपलं केंद्रक आणि आतली बहुतेक यंत्रणा मोडीत काढतात, कारण तेवढाही अडथळा परवडत नाही. केंद्रक गेलं म्हणजे दुरुस्तीची सोयही गेली. म्हणून वय वाढतं तशी तिथली प्रथिनं गोळा होत जातात, प्रकाश विखुरायला लागतात आणि आपण म्हणतो मोतीबिंदू झाला.

थोडक्यात, पारदर्शक व्हायला रक्त सोडावं लागतं आणि पेशींचं केंद्रकही. सगळ्या शरीराला हे परवडणार नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काचबेडकाने मात्र एक युक्ती काढली आहे, ती २०२२ मध्ये उलगडली. दिवसा पानावर झोपताना तो आपल्या जवळजवळ ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात कोंबून ठेवतो आणि दोन-तीनपट अधिक पारदर्शक होतो. उठला की रक्त परत फिरायला लागतं. एवढ्या पेशी एका जागी दाटूनही रक्ताच्या गुठळ्या का होत नाहीत, यात डॉक्टरांना आता भारी रस आहे. पण लक्षात घ्या, तो *झोपलेला* असताना अदृश्य असतो. सू स्टॉर्म अदृश्य होऊन धावते.

शिवाय पारदर्शक बाईने मामलेदारची मिसळ खाल्ली तर काय होईल याचा विचार करा. लाल तर्री टप्प्याटप्प्याने हवेतून खाली जाताना अख्ख्या ठाण्याला दिसेल.

कॉमिकचा दावा वेगळा आहे

जाणकार वाचक इथे हटकतील. सू पारदर्शक होत नाही, ती प्रकाश स्वतःभोवती *वळवते*. बरोबर आहे. कॉमिकमध्ये पुढे हेच स्पष्टीकरण रुळलं. खाल्लेली मिसळ, रक्त, हाडं, कपडे, सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतात, कारण प्रकाश तिच्यापर्यंत पोचतच नाही. (कपड्यांसाठी कॉमिकने ‘अस्थिर रेणूं’चं कापड शोधून ठेवलं होतं. प्रकाश वळवायचा असेल तर त्याची गरज नाही.)

हे अगदीच हवेतलं नाही. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधले जॉन पेंड्री यांनी यामागचं गणित मांडलं आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड शूरिग, डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तसं कवच बनवूनही दाखवलं. तांब्याचा एक नळकांडा आणि त्याभोवती सर्किट बोर्डच्या साहित्याची दहा कडी. त्या कड्यांवर तांब्याच्या बारीक नक्षीच्या रांगा. अशा कृत्रिम रचनेला मेटामटेरियल म्हणतात: गुणधर्म पदार्थातून नाही, तर नक्षीतून येतो. सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या मायक्रोवेव्ह लहरी त्या नळकांड्याला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि नळकांडा त्या लहरींना बराचसा ‘दिसेनासा’ झाला. पूर्ण नाही, पण दिशा बरोबर होती.

मग १९ वर्षांनी सिनेमाच का, झगा का नाही?

ठाणे स्टेशनचा पूल डोळ्यांपुढे आणा, संध्याकाळी सातचा. गर्दी चालली आहे आणि मधे एक खांब आहे. माणसं दोन बाजूंनी फुटून खांबाच्या पुढे पुन्हा एकत्र येतात. वरून फक्त पुढच्या टोकाची गर्दी पाहणाऱ्याला मधे खांब होता हे कळू द्यायचं नसेल तर एक अट आहे: वळसा घालून आलेल्यांनी सरळ आलेल्यांच्या *बरोबरीनेच* पोचलं पाहिजे. म्हणजे लांबच्या वाटेने जाणाऱ्यांनी जास्त वेगाने चाललं पाहिजे. आता हवेतला प्रकाश आधीच विश्वातल्या कमाल वेगाने धावतो आहे. त्याला आणखी जोरात चल म्हणून कुणी सांगायचं?

एकाच ठरावीक रंगाच्या, अखंड चालू असलेल्या लहरीबाबत यातून पळवाट निघते, कारण तिथे प्रत्येक लहर वेळेवर पोचायची गरज नसते, लाटेचा चढ चढाशी आणि उतार उताराशी जुळला की झालं. पण ही जुळणी एका रंगाला साधली की शेजारच्या रंगाला बिघडते. लाल रंगासाठी अदृश्य असलेली सू निळ्यात झळकेल, कदाचित कवच नसताना दिसली असती त्याहून जास्त. शिवाय नक्षी लहरीपेक्षा लहान हवी. मायक्रोवेव्हसाठी मिलिमीटरमधली नक्षी चालली, दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढी बारीक नक्षी अख्ख्या बाईभोवती, तिन्ही मितींत. २०११ मध्ये कॅल्साइटचे स्फटिक जोडून साध्या डोळ्यांना दिसतील एवढ्या वस्तू दृश्य प्रकाशात लपवल्या गेल्या, पण त्या लहान होत्या, आरशासारख्या पृष्ठभागावर ठेवलेल्या होत्या आणि प्रकाशही एकाच प्रकारे कंप पावणारा लागत होता.

माझं मत विचाराल तर कॉमिकने अदृश्य होण्याचा सर्वांत अवघड मार्ग निवडला, पण पात्रासाठी तोच बरोबर होता. त्याचं कारण पुढे येतं.

“पण तिला स्वतःला दिसतं कसं?”

हा प्रश्न वर्गातल्या एका मुलीने विचारला आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म यातच आहे. पाहणं म्हणजे प्रकाश गिळणं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, प्रकाश संपतो तेव्हाच आपल्याला काही दिसतं. पारदर्शक दृष्टिपटल प्रकाश अडवणारच नाही, मग ते आंधळं. आणि प्रकाश सगळा वळवला तर डोळ्यापर्यंत काही पोचणारच नाही. ती कवचाच्या आत मिट्ट काळोखात उभी असेल. कुठल्याही मार्गाने गेलात तरी पूर्ण अदृश्य असलेला पूर्ण आंधळा असतो. हा तंत्रज्ञानाचा दोष नाही, नुसता जमाखर्च आहे: तिने घेतलेला प्रकाश मागच्या माणसाला मिळत नाही, म्हणजे तिची सावली पडते.

याचं उत्तर निसर्गाने शोधलेलं आहे आणि ते आपल्या स्वयंपाकघरात डब्यात पडून असतं. जवळा! खाडीतून नुकताच काढलेला ताजा जवळा चेंदणी किंवा कोपरीच्या कुठल्याही कोळणीला विचारा: पाण्यात तो जवळजवळ काचेसारखा असतो. सुकवला किंवा शिजवला की त्यातली प्रथिनं विस्कटतात, पाणी जातं, नव्या सीमा तयार होतात आणि तो अपारदर्शक गुलाबी-पांढरा होतो. पण एक भाग ताज्या जवळ्यातही पारदर्शक नसतो. सुका जवळा निवडताना दिसणारे ते बारीक काळे ठिपके म्हणजे त्याचे डोळे. सगळं अंग लपवलं, डोळे काळे ते काळेच. समुद्रातल्या इतर पारदर्शक प्राण्यांतही डोळे असलेल्यांची ही अडचण सुटलेली नाही.

मग सूने डोळे तेवढे उघडे ठेवायचे. आता इथे दोन मार्गांतला फरक कळतो. ती पारदर्शक असेल तर नुसती बाहुली काळी ठेवून भागत नाही. डोळ्याच्या गोळ्याच्या भिंतीही अपारदर्शक हव्यात, नाहीतर सगळीकडून प्रकाश आत घुसून चित्र पुसून जाईल. म्हणजे हवेत तरंगणारे दोन गोळे, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे. निरोगी नजरेला ते ८० मीटरवरूनही जाणवतील. प्रकाश वळवणारी सू मात्र आपल्या कवचाला फक्त बाहुल्यांपुढे भोक ठेवेल. उजेडात बाहुली असते दोन-तीन मिलिमीटर. तेवढे दोन ठिपके दहाएक मीटरपलीकडून वेगळे ओळखू येणं कठीण, आणि जवळून पाहणाऱ्याला वाटेल चिलटं आहेत. रात्री मात्र बाहुल्या सात-आठ मिलिमीटरपर्यंत फाकतात.

याहून कमी प्रकाशात भागवता येईल का? २००९ मध्ये अँड्रिया अलू आणि नादर एंगेटा यांनी गणिताने दाखवलं की प्रकाश टिपणारा संवेदक असं कवच घालू शकतो की तो टिपतोही आणि आजूबाजूला फारच कमी विखुरतो. फारच कमी, शून्य नाही. गिळलं की थोडी सावली येतेच. पण दिवसा ढवळ्या डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग घेऊनही आपल्याला छान दिसतं, चांदण्यातही दिसतं. सू एवढी थोडी चोरी करत असेल, तर तिची शक्ती भौतिकशास्त्राच्या काठावर का होईना, पण उभी राहते.

डास, चापडा आणि जुलै महिना

“म्हणजे बाकी सगळं जमलं तर ती सापडणार नाही?” माणसाला कदाचित नाही.

स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर सुमारे १०० वॅट उष्णता देत असतं. यातली बरीचशी अवरक्त लहरींच्या रूपात बाहेर पडते. या लहरी दिसणाऱ्या प्रकाशाच्या वीसेकपट लांब असतात. सूचं कवच फक्त दृश्य प्रकाश वळवत असेल तर थर्मल कॅमेऱ्याला ती स्वच्छ दिसेल. येऊरच्या जंगलातल्या चापड्यालाही. हा बांबूत राहणारा हिरवा विषारी साप डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने उष्णता टिपतो. आणि कवच अवरक्त लहरीही वळवत असेल तर तिची उष्णता आतच कोंडेल. मग उरतो घाम. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट हवेत तो वाळतो किती, ते आपण जाणतो. तासाभरात सुपरहिरोइनला इलेक्ट्रॉल द्यावं लागेल.

डासांना तर हे काहीच लागत नाही. ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर येतात, जवळ आल्यावर अंगाचा वास आणि ऊब. कळव्याच्या खाडीकाठी अदृश्य बाई कुठे उभी आहे ते पाहायचं असेल तर डास कुठे घोंगावतायत ते पाहावं.

पाऊस याहून वाईट. सरी तिच्या अंगावर अडतात, मग पावसात बाईच्या आकाराची एक पोकळी चालत जाते. आणि घोडबंदर रोडची धूळ तिच्या कवचावर बसायला लागली की उरलंसुरलं गुपितही संपलं.

बलक्षेत्र: मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं

अदृश्य होणं पटतं, पण न दिसणारी ढाल म्हणजे निव्वळ जादू, असं बहुतेकांना वाटतं. मला ही शक्ती तितकी वेडगळ वाटत नाही. तुमचा हात टेबलातून आरपार का जात नाही? अणू बहुतांशी पोकळच असतात. हात अडतो तो दोन्हीकडच्या इलेक्ट्रॉनांमुळे: ते एकमेकांना ढकलतात आणि पुंज-नियमाप्रमाणे एकाच जागी कोंबून घेत नाहीत. टेबलही एक प्रकारचं बलक्षेत्रच आहे, फक्त त्याला लाकूड लागतं. लाकडाशिवाय हे थोडंफार जमवलेलंही आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात तयार झालेली ‘प्लाझ्मा खिडकी’ म्हणजे चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला, हजारो अंश तापलेला विद्युतभारित वायू. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला निर्वात, मधे काच नाही. हवा आत येत नाही. मात्र ती छोटीशी असते, वीज खाते आणि दिसतेही.

सूने स्वतःभोवती बंद गोळा केला तर ती गुदमरेल, असा एक आक्षेप नेहमी येतो. दोन मीटर व्यासाच्या गोळ्यात जवळजवळ ४,२०० लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो ४ टक्क्यांवर, म्हणजे घातक म्हणावा अशा पातळीवर, जायला दहा-बारा तास लागतात. धावपळ केली तर दोन-तीन. तिथे अडचण नाही.

अडचण आहे ती बस थांबवताना. ठाणे परिवहनची बस, माणसांसकट दहा टन धरू, वेग ताशी ४० किलोमीटर. (घोडबंदरला हा वेग मिळणं ही कॉमिकपेक्षा मोठी कल्पना आहे, ते सोडा.) या बसमधली गतीची ऊर्जा सहा लाख जूलच्या आसपास, म्हणजे जेमतेम १४५ कॅलरी, अर्धा वडापाव. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतं, म्हणून दोन वडापाव म्हणा. ‘एवढी ऊर्जा आणणार कुठून’ हा नेहमीचा प्रश्न इथे गैरलागू आहे.

खरा प्रश्न संवेगाचा, वस्तुमान गुणिले वेग. तो नाहीसा करता येत नाही, दुसऱ्या कशाला तरी द्यावा लागतो. बसने ढालीला ढकललं आणि ढाल सूच्या अंगाशी जोडलेली असेल तर तो धक्का ५५ किलोच्या बाईला बसतो. ती बसला चिकटून निघेल आणि बसचा वेग ४० वरून ३९.८ वर येईल. बस. म्हणून ढालीचा भार सूवर नाही, रस्त्यावर पडायला हवा: डांबरात रुतलेल्या पाचरीसारखा, धक्का थेट जमिनीत, पृथ्वीला. कॉमिकमध्ये तिचं नाक फुटतं, डोकं दुखतं, पण पाय कधी घसरत नाहीत. याचा सरळ अर्थ, ती नकळत हेच करते आहे.

आता आतल्या प्रवाशांचं पाहू. चित्रात बस ढालीवर धाडकन अडते. अर्ध्या सेकंदात थांबली असं धरलं तर ढालीवर २२ टन वजनाइतका जोर येतो आणि उभे असलेले सगळे पुढच्या काचेवर. हाच थांबा वीस मीटरमध्ये पसरवला तर साडेतीन सेकंदांहून थोडे जास्त मिळतात, जोर तीन टनांवर येतो आणि लोक फक्त दांड्याला लटकून कंडक्टरला चार शब्द सुनावतात. म्हणजे सूला ढाल कडक करून चालणार नाही, ती बसबरोबर मागे सरकत सरकत, सगळा भार रस्त्यावर टाकत दाबावी लागेल. चांगले ब्रेक असलेली बस हे रोज करते.